लाल गोंडा
भिंगारच्या फ्लाय फिशिंग क्लबला जवळ पाणी नाही, म्हणून सभासद मैदानातल्या गवतावरच दोरी फेकण्याचा सराव करतात. तेव्हा दोरीच्या टोकाला गळ लपवलेली पिसांची माशी नसते, लाल लोकरीचा गोंडा असतो. "काका, गवतात मासं घावत्यात व्हय?" येणारेजाणारे विचारतात. पाच वर्षांत पाण्यातही घावले नव्हते. "आज भंडारदऱ्याच्या धरणात मासा लागला नाही, तर क्लब बंद," अध्यक्षांनी बजावलं. सभासद श्रीमंतरावांनी सवयीनं गोंडाच फेकला. पाणी फुगलं. सोनेरी खवल्यांचा, मांडीएवढा महसीर वर आला, त्यानं गोंडा अलगद तोंडात धरला, श्रीमंतरावांकडे नीट पाहिलं आणि सोडून देऊन सावकाश खाली गेला. "चुकलं साहेब," श्रीमंतराव ओशाळले, "गळ लावून पुन्हा टाकतो." अध्यक्षांनी टोपी काढली. "गळ राहू द्या," ते कुजबुजले, "परत बोलवा त्यांना."