कोटाचं दुसरं बटण

“...आणि मग स्टेशनवर थोरला धाकट्याला कडकडून मिठी मारतो. इतक्या वर्षांनी भेटलेले भाऊ! धाकट्याचे डोळे भरून येतात. थोरल्याच्या कोटाचं दुसरं बटण तुटलंय, ते कुणी लावून दिलेलं नाही. एवढ्या एका बटणावरून कळतं, हा माणूस किती एकटा राहिलाय.” घड्याळजींनी वही मिटली. “कसं वाटलं?”

“सुरेख,” बाई म्हणाल्या आणि चहाचा कप पुढे सरकवला.

दर गुरुवारचा हा शिरस्ता. दुपारचा खेळ बघून यायचं, सिनेमाबद्दल जे वाटलं ते वहीत उतरवायचं आणि बायकोला वाचून दाखवायचं. घड्याळजींचं सिनेमाचं वेड तसं जुनंच. पण पूर्वी ते बाईंना घेऊन जायचे आणि नंतर आठवडाभर गाणी गुणगुणत फिरायचे. दीड वर्षापूर्वी डोळे दमतात म्हणून घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, तेव्हापासून एकटेच जायला लागले. बाईंना म्हणायचे, “तू मध्ये मध्ये बोलतेस.” गाण्यांचं तर नावच काढत नसत. हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही म्हणे.

बाईंची तक्रार नव्हती. उलट हा माणूस अलीकडे कसा लोण्यासारखा मऊ झाला होता! पस्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता नुसतं ‘हूं हूं’ करणारा नवरा आता त्या बोलायला लागल्या की हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे बघत राहायचा. अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. या वयात बाईंना चक्क लाजायला व्हायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांचं इतकं लक्ष देऊन ऐकणारं दुसरं होतं तरी कोण?

शनिवारी बाईंची धाकटी बहीण आली. ती आली की घड्याळजींना हमखास बाहेर काम निघायचं, तसं ते निघालंच. बाईंनी कौतुकानं वहीतलं पान तिला वाचून दाखवलं.

बहीण तोंडावर हात धरून हसली. पुढचे दात वाकडे, त्यामुळे हसताना काय, बोलताना काय, तिचा हात कायम तोंडावर.

“अगं ताई, हा सिनेमा परवाच पाहिला मी! कसलं प्रेम न् कसलं काय. मिठी मारतो आणि कानात सांगतो, पोलिसांत तुझं नाव मीच दिलंय. धाकटा रडतो तो भीतीनं. भावोजींनी हा सिनेमा पाहिलेलाच नाही.”

“मग दर गुरुवारी जातात कुठे?”

“ते तू शोध. आणि डोळे दमले म्हणून दुकान बंद केलं ना? मग सिनेमा बघायला बरे चालतात ते!”

“काहीतरीच तुझं. उलट हल्ली किती मायेनं बघत असतात माझ्याकडे.”

“बघ म्हणजे! नवरा या वयात एकाएकी प्रेमळ झाला ना, की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.”

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण बहीण गेली आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेली बाई ती. एका प्रश्नाची दोन उत्तरं आली की तिला चैन पडायचं नाही. गुरुवार खोटे असले तर एक वेळ चाललं असतं. पण मग ते बघणंही खोटं असेल का?

गुरुवारी घड्याळजी शर्टाला पेन लावून तयार झाले.

“आज कुठला?” बाईंनी समोर उभं राहून विचारलं.

“तोच, स्टेशनवाला. परत बघावासा वाटतोय.”

ते बाहेर पडताच बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि त्या मागोमाग निघाल्या. घड्याळजी इकडे नाही, तिकडे नाही, नाकासमोर चालत थेट सिनेमाच्या दारात. तिकीट एकच. आत पाचव्या रांगेत बसले, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. बाई तीन रांगा मागे टेकल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

सिनेमा सुरू झाला. थोरला भाऊ आला, त्याच्या कोटाचं दुसरं बटण खरंच तुटलेलं होतं. म्हणजे पाहिला होता की यांनी सिनेमा! बहिणीला आत्ताच्या आत्ता ओढून आणून दाखवावं, असं बाईंना झालं.

मग स्टेशन आलं. थोरल्यानं मिठी मारली, धाकट्याच्या मानेत तोंड खुपसलं. पडद्यावर दिसत होती ती त्याची पाठ आणि धाकट्याचे भरलेले डोळे. तेवढ्यात ते कुजबुजणं सगळ्या थिएटरभर घुमलं, “पोलिसांत तुझं नाव मीच दिलंय.”

कुणीतरी “बाप रे!” म्हणालं. बाई चक्रावल्या. बहीणही खरी, नवराही खरा? बाजूला वाकून पाहिलं, तर घड्याळजी रुमालानं डोळे पुसत होते आणि गालात हसत होते, घरच्या लग्नात बसल्यासारखे. अहो, एवढा दगा होतोय आणि हसताय काय?

पुढच्या प्रसंगात धाकट्याची बायको त्याला काहीतरी समजावू लागली आणि मध्येच खरखर होऊन आवाज गेला. चित्र चालू, ती बोलतेय, पण शब्द नाही. लोक थोडा वेळ थांबले. मग शिट्ट्या सुरू झाल्या, खुर्च्या बडवल्या गेल्या. “आवाज! आवाज!” सगळं थिएटर माना वळवून मागच्या मशीनच्या खोलीकडे ओरडत होतं. घड्याळजींच्या पुढचा जाडा गृहस्थ तर उठून उभाच राहिला आणि तोंडाशी हात धरून बोंबलायला लागला.

घड्याळजींनी हळूच त्याची बाही ओढली.

“अहो, खाली बसा ना,” ते म्हणाले. “ती काय बोलतेय, ते दिसत नाहीये मला.”