खालच्या मजल्याची वायर

"ती पिवळी वायर आधी काप," देसांका म्हणाली. "बॉयलरचं नंतर बघू."

वेलिबोरने अजून कोटही काढला नव्हता. तळघराच्या अकरा पायऱ्या, त्याही बिनकठड्याच्या, जपून उतरून त्याने अवजारांची पेटी खाली ठेवली. जुना बॉयलर काढताना वायर आधी ओळखायची, मग तोडायची, हा त्याचा नियम होता. वीस वर्षांत तो एकदाच मोडला आणि त्या दिवशी अख्खी गल्ली अंधारात बसली होती. हे त्याने तिला सांगून पाहिलं. पण देसांकाला एकदा एखादी गोष्ट पटायची नाही म्हटलं की ती पटायची नाही.

मुरंब्याच्या बरण्या हलवताना गेल्या आठवड्यात तिला ती वायर दिसली होती. बॉयलरच्या मागून निघून छतातून ती थेट रादिसावच्या मजल्यावर शिरत होती. रादिसाव म्हणजे तिचा धाकटा दीर. दोन भावांनी मिळून हे घर बांधलं. वर देसांका आणि तिचा नवरा तिहोमिर, खाली रादिसाव. दारं दोन, पण दोन्ही मजले ऊबदार ठेवणारा बॉयलर एक. तिहोमिर जाऊन तिसरा हिवाळा चालू होता आणि दीर-भावजयीत शब्द बंद होऊनही तेवढेच दिवस झाले होते.

कारण होतं कुळाच्या संताची तसबीर. तिहोमिर गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी, त्याच्या नावाने पाहुणे जेवत असताना, रादिसावने ती मागितली. कुळाच्या संताचा सण पुरुषाच्या हातून पुढे जातो आणि तसबीरही त्याच्याकडेच जाते. रीतीप्रमाणे त्याचं बरोबर होतं, पण माणसाला वेळ कळायला हवी. "कबरीवरची माती अजून ओली आहे आणि हा वाटण्या करतोय," असं देसांका सगळ्यांसमोर बोलली. रादिसाव ताट तसंच ठेवून उठला.

आता तिने फक्त वरच्या मजल्यापुरता नवा बॉयलर घेतला होता. खालच्याने आपली चूल बघावी. शेजारणीकडून निरोप धाडला, तर रादिसावचं उत्तर आलं की वहिनींनी काय हवं ते करावं, फक्त बर्फ पडायच्या आत उरकावं. हा टोमणा आहे हे देसांकाने लगेच ओळखलं.

"पहाटे चारला याची काठी सुरू होते," ती वेलिबोरला सांगत होती. "ठकठक, ठकठक, मग दार आपटायचं. म्हातारीला झोप लागू नये म्हणून. आणि वर माझी वीजही चोरतो."

वेलिबोरने टेस्टर लावून पाहिला. वायरीत वीज होती, पण नावाला.

"दाराची घंटी वाजेल एवढीच आहे, मावशी. एवढी कोण चोरेल?"

"चोर मिळेल ते घेतो."

तो कामाला लागला. नव्या बॉयलरला स्वतंत्र लाइन लागणार होती. जुन्याला अर्थिंगच नव्हतं, तेही करावं लागणार होतं. एकेका वायरीला तो रंगीत चिकटपट्टीची खूण लावत गेला. देसांका वर जाऊन त्याच्यासाठी कॉफी आणि बशीत चमचाभर मुरंबा घेऊन आली. राग असला तरी घरी आलेल्याला गोड द्यायचं ती चुकत नसे.

बॉयलर आपोआप चालू करणारी पेटी उघडल्यावर मात्र वेलिबोर थांबला. आत सगळं काळं पडलं होतं आणि त्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"मावशी, ही पेटी केव्हाच जळलीय. बॉयलर चालू करायची तुमच्या खोलीतली चकती बॉयलरला जोडलेलीच नाही."

देसांका हसली. पहाटे गुडघे धरले की ती अंथरुणातूनच ती चकती फिरवायची आणि पंधरा-वीस मिनिटांत खोलीला ऊब देणाऱ्या नळ्या गरम व्हायच्या. शेवटच्या आजारपणात तिहोमिर तिला तेच सांगायचा. तू फक्त चकती फिरव, बाकीचं होतं.

"मग जोडलीय कुठे?"

वेलिबोरने चकतीच्या वायरीचा बोटाने माग काढला. ती पिवळ्या वायरीलाच जाऊन मिळत होती. त्याची नजर बॉयलरच्या हाताने दाबायच्या खटक्यावर गेली. सगळ्या बॉयलरवर धूळ होती, तो खटका तेवढा घासून चकचकीत झाला होता.

"म्हणजे माझी चकतीच पळवली मेल्याने," देसांका म्हणाली. सगळं गेलं तरी घराची ऊब तिच्या हातात आहे, एवढाच तिला आधार होता. "तू वर जाऊन ती फिरव. मी त्याच्याकडे जाते. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. मग कापूच."

अंगणाच्या बाजूने ती रादिसावच्या दाराशी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदाच तिने आत पाऊल टाकलं.

भर दुपारी रादिसाव खाटेवर झोपला होता. तिच्याकडे पाठ, अंगात कोट, पायात बूट. बुटांसकट झोपतो, जनावर, ती मनात म्हणाली. भिंतीवर तसबिरीसाठी ठोकलेला एक खिळा रिकामाच होता. पिवळी वायर जमिनीतून निघून खाटेच्या पायाला गुंडाळत उशाशी गेली होती. तिच्या टोकाला बोराएवढा एक लाल दिवा होता.

वर वेलिबोरने चकती फिरवली.

दिवा लागला. रादिसावचे डोळे उघडायच्या आधीच त्याचा हात काठीवर गेला.

"आलो, वहिनी, आलो," दिव्याकडे बघून तो पुटपुटला, आणि काठी टेकत तळघराच्या पायऱ्यांकडे निघाला.