टाकीवरचा दिवा

बेलकडे हात गेला, तेवढ्यात आत काहीतरी फुटलं. पाठोपाठ धप्प असा आवाज. जावयाने काखेतली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सावरली आणि दार दणादणा वाजवलं.

मेहुण्याने उघडलं. तो धापा टाकत होता. उकाडा मरणाचा, आणि या शहाण्याच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं.

खोलीत खुर्ची आडवी पडली होती, फरशीवर काचांचा सडा. सासरे पलंगाच्या कडेला बसले होते. सत्तरी ओलांडलेले, केस पांढरेशुभ्र, आवाज लोण्यासारखा. उजव्या हाताची बोटं सोलवटली होती, रक्त पँटवर ठिबकत होतं.

“बाबा! काय झालं हे?”

“काही नाही हो, जावईबापू. वय झालं, हात लागतो कुठेतरी.”

मेहुणा खाली बसून मुकाट्याने काचा वेचत होता. जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मदात्या बापाला मारतो, नालायक! शेजारीही म्हणायचे, या घरातून रोज आदळआपट ऐकू येते म्हणून. आज बोटं सोलली, उद्या म्हाताऱ्याचा मुडदाच पडेल.

घरी त्याने बायकोकडे विषय काढून पाहिला होता. “बाबांना आपल्याकडे आणू या का?” ती भांडी घासता घासता थांबली होती. “माझ्या घरात नाही. पुन्हा बोलू नकोस.” लग्न झाल्यापासून माहेरची पायरी चढली नव्हती ती. पोटच्या पोरीला बापाची एवढी अडगळ व्हावी! जावयाला तेव्हा तिची लाजच वाटली होती.

मेहुण्याचं सगळं चित्त कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत. मासे थोडे, झाडंच जास्त. वरची हिरवीगार, तळाची पिवळी पडून कुजत चाललेली. बाजारातल्या दिव्याचा उजेड तळापर्यंत पोचतच नव्हता. जावई दुकानांच्या पाट्यांचे दिवे बनवायचा, म्हणून मेहुण्याने त्याला गळ घातली होती. पट्टीवर पांढऱ्या एलईडींची रांग, मध्ये मध्ये लाल, आणि पाण्याची वाफ लागू नये म्हणून खालून अ‍ॅक्रिलिकचं पारदर्शक झाकण. कामाला तो पक्का होता.

“ताई कशी आहे, दाजी?” मेहुण्याने हळूच विचारलं. “इकडे येऊ नको म्हणावं तिला.”

“का? बापाला बघू नये तिने?”

मेहुण्याने खाली वाकून आणखी एक काच उचलली.

“बाबांना मी घेऊन जातो. आजच.”

“नाही!” तो ताडकन उठला. “ते कुठेही जाणार नाहीत. मी आहे ना इथे. दाजी, पाया पडतो, त्यांना तुमच्या घरी नेऊ नका.”

मग जावयाला राहवलं नाही. त्याने कॉलर धरून मेहुण्याला भिंतीवर आपटलं, एक कानफटात ठेवून दिली, मग दुसरी. ओठ फुटला. तो खाली पडला तसा जावयाने बरगडीत लाथ घातली. पुन्हा घातली. विचित्र प्राणी! प्रतिकार नाही, हूं की चूं नाही. अंगाचं मुटकुळं करून पडून राहिला, कधी संपतंय याची वाट बघत.

“जावईबापू,” सासरे पलंगावरून शांतपणे म्हणाले, “तोंडावर नको.”

जावयाला भरून आलं. पोराने रक्त काढलं तरी बापाची माया ती मायाच.

मेहुणा तोंड धुवायला मोरीत गेला आणि जावई फरशीवर बसून दिवा जोडू लागला. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे त्याने मेहुण्याला बजावून बजावून तोंड दुखवून घेतलं होतं. पण ऐकेल तर शपथ! दिवा बंद केला की पानं नीट दिसत नाहीत म्हणे. रोज सकाळी दिवा चालू ठेवूनच कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पिवळी पानं खुडायचा.

जावयाने अर्थिंगची वायर जोडलीच नाही. दुसऱ्या एका वायरचं आवरण पट्टीच्या आत जरासं खरवडलं. मग झाकण लावून स्क्रू आवळले.

दिवा लागला तशी टाकी तळापर्यंत उजळली. फुटक्या ओठांनी मेहुणा हसला. “वा, दाजी! आता जगतील बघा सगळी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचाच फोन आला. जावई पोचला तेव्हा मेहुणा टाकीसमोर पडला होता, शर्टाची बाही चिंब. पोलिसांना जावई म्हणाला, “किती वेळा सांगितलं त्याला, प्लग काढत जा म्हणून.” ते खरंच होतं. अपघात म्हणून नोंद झाली, प्रेत दवाखान्यात गेलं.

बायकोला हे फोनवर कसं सांगायचं? बापाला समोर बघितलं की तिला तेवढाच धीर येईल, असा विचार करून तो सासऱ्यांना घेऊनच निघाला. गाडीत बसल्यावर त्याला हलकं वाटलं. सुटला एकदाचा म्हातारा.

“काल तुमचा हात बघितला,” सासरे खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “तेव्हाच म्हटलं, तुमच्या घरी आपलं जमेल.”

पोर गेल्याच्या धक्क्याने काहीबाही बोलताहेत, असं म्हणून जावयाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

बायकोने दार उघडलं ते हसतच. नवऱ्यामागे कोण उभं आहे ते दिसलं आणि ते हसू विरलं. “भाऊ कुठाय?” तिने विचारलं.

तिला धरून बसवावं म्हणून जावई आत आला. सासरे त्याला ओलांडून आत आले, दाराला आतून कडी घातली आणि कमरेचा पट्टा सोडू लागले. बायको पळाली नाही, ओरडलीही नाही. ती कोपऱ्यात जाऊन उकिडवी बसली, डोकं गुडघ्यांत घातलं आणि कुणी न सांगता पाठ पुढे केली.