वरच्या मजल्यावरचं गाणं

प्लंबर आपल्या आठ वर्षांच्या लेकीला सकाळी माती देऊन घरी आला, आणि दुपारी वरच्या मजल्यावर गाणं सुरू झालं. डफाच्या ठेक्यावर, लग्नघर असल्यासारखं. वर राहणारा म्हातारा शिंपी परदेशातून आलेला. त्याची भाषा चाळीत कुणाला कळत नसे, पण आनंदाला कुठली आलीय भाषा? प्लंबरने कानांवर हात दाबून पाहिले. गाणं संपायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. शेवटी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हत्यारांच्या पिशवीतला मोठा पाना उचलून तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

दार उघडंच होतं. पहिल्या घावात डफ फुटला. दुसरा शिंप्याच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. तिसरा तोंडावर.

"माझी पोर गेली, आणि तुला गाणी सुचतात?"

शिंप्याने हातसुद्धा आडवा घातला नाही. दातांसकट रक्त थुंकून तो मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाला, "आमच्याकडे लेकरू गेलं की असंच गातात, भाऊ. पुढची वाट अंधारी असते. मागून हसतं गाणं ऐकू आलं, की ते घाबरत नाही. सात वेळा म्हणायचं असतं."

चौथ्या घावासाठी उचललेला पाना तसाच वर राहिला.

"किती वेळा झालं होतं?" प्लंबरने विचारलं.

"सहा."