शनिवारचा पलंग

"शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही!" आईनं फोनवर बजावलं, तेव्हा श्रीरंगनं हॅम्बुर्गच्या रस्त्यावर कुणीतरी फुकट सोडलेला लोखंडी पलंग इमारतीच्या दारापर्यंत ओढत आणला होता. महिनाभर फरशीवर झोपून त्याच्या आणि बायकोच्या पाठी पार आखडल्या होत्या. पलंग सोडवेना, आईचा शब्द मोडवेना. शेवटी कुणी पळवू नये म्हणून तो रविवार उजाडेपर्यंत पलंगावरच ठाण मांडून बसला.

येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, बिचाऱ्याला घरमालकानं बाहेर काढलं. एका आजीबाईंनी रजई आणून दिली, कुणी किटली, तर कुणी चक्क दोन खुर्च्या. नको नको म्हणताना त्याची पुरेवाट झाली.

रविवारी सगळं वर चढवून बायको नव्या खुर्चीत टेकली.

"टेबल तेवढं राहिलं," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी लोखंडी तवा घेऊन बसतोस का खाली?"