घळीवरचं निशाण

"म्हणजे बोट विकावी लागंल?" अंबाजीने विचारलं.

मृणाली अलिबागहून अंबाजीच्या जीवरक्षक संस्थेचा हिशेब बघायला आली होती. तिने चष्मा वर सरकवला.

"काका, जाहिरात आणि टोप्यांची विक्री, ही धंद्याची कमाई. ती एकूण जमेच्या पाचव्या हिश्शावर गेली, की यंदाची करमाफी गेली. मग देणग्यांवरही कर. तो भरायला बोटीशिवाय आहे काय तुमच्याकडे?"

बाहेर वाळूवर बोट उभी होती. दोन्ही अंगांना एका रिसॉर्टचं नाव रंगवलेलं. त्या पैशांतूनच इंजिन आलं होतं.

"त्याचे पैसे परत केले तर?"

"इंजिन परत घेईल का दुकानदार?"

"मग रिसॉर्टवाल्यालाच सांगतो, जाहिरात न्हाय, दान दिलं म्हण."

"नाव रंगवून घेतलंय ना त्याने? मग दान कसलं?" मृणालीचा आवाज जरा खाली आला. "वाट एकच. मार्च संपायच्या आत देणग्या वाढवा. जमा वाढली की धंद्याचा हिस्सा आपोआप खाली येतो. पण यंदा देणग्या अशा आटल्या कशा?"

"कुणी बुडालं न्हाय ना!"

दोघंही हसले.

पण ते खरंच होतं. पाण्यातून वर काढलेल्या माणसाच्या घरचे समुद्राला नारळ देत आणि संस्थेला सढळ हाताने दान. तशी रीतच पडली होती. यंदा ती वेळ कुणावर आली नाही. दर उधाणानंतर वाळू सरकते, तशी पाण्याखालची घळही जागा बदलते. तिथे ओढ अशी, की पट्टीचा पोहणाराही आत जातो. रोज सकाळी अंबाजी बांबूने तळ चाचपायचा आणि घळीसमोर लाल निशाण रोवायचा. लोक निशाण सोडून पोहायचे. निशाण कधी चुकलं नव्हतं.

घरी बायकोने, ठमाबाईने, भाकरी वाढली. भिंतीवर त्यांच्या मुलाचा, दिनानाथचा फोटो होता. तो बुडाला तेव्हा गावात अशी बोट नव्हती. त्याच्याच नावाने पुढे संस्था निघाली.

"गावात फिरून बघा की," ती म्हणाली.

"गाव गणपतीत देऊन मोकळा झाला. आता पाठ फिरवतात माझ्याकडं बघून."

"बोट गेली तर लोकांच्या पोरांना काढायचं कुणी?"

अंबाजीने फोटोकडे पाहिलं नाही. घास बराच वेळ चावत राहिला.

"बोट जायची न्हाय. रविवारी मागतो दान."

"कुणाकडं?"

"समुद्रावर येणाऱ्या पावण्यांकडं."

"डोक्यावर टोपी घाला मग. त्या विकायच्यातली न्हाय, घरची!"

मार्चचा शेवटचा रविवार. उजाडताच अंबाजी किनाऱ्यावर आला. आदल्या दिवशीचं उधाण वाळू उपसून गेलं होतं. त्याने बांबू घेतला आणि पाण्यात शिरून तळ चाचपत निघाला. टेहळणीच्या मचाणासमोर बांबू सरळ खाली गेला, तळ लागेना. ओढीने हातातून सुटता सुटता राहिला. घळ या खेपेला इथे आली होती.

बाहेर येऊन त्याने इंजिन चालवून पाहिलं. दोर तपासला, बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती कडी नीट रचली. मग निशाण खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. मचाण मागे राहिलं, सुरूची झाडंही मागे राहिली. पार टोकाला, गुडघाभर संथ पाण्यासमोर त्याने निशाण खोल रोवलं. हलवून पाहिलं. पक्कं होतं.

तो मचाणापाशी परतला तोवर आगरदांड्याच्या फेरीबोटीतून उतरलेल्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. एक बाई दोन मुलींचे हात धरून पुढे आली.

"काका, इथं पाण्यात उतरलं तर चालेल ना?"

अंबाजीने डोक्यावरची टोपी घट्ट केली.

"निशाण तिकडं हाय ना, ताई," तो म्हणाला आणि बोट पाण्यात ढकलली.