चुंबकावरचा गणपती

विमान धावपट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उभं होतं आणि होकायंत्र दाखवत होतं दक्षिण.

“सर, हे बिघडलंय,” मृण्मयी म्हणाली. शेजारी बसलेल्या शेवडे सरांनी आज होकार दिला, तरच उद्या ती पहिल्यांदा एकटी उडणार होती.

सरांनी होकायंत्राखाली चिकटवलेल्या चिमुकल्या गणपतीकडे बोट दाखवलं. “हे कधी विराजमान झाले?”

“आईने दिलेत. वाट चुकू नये म्हणून.”

सरांनी चुंबकावर बसवलेली ती मूर्ती अलगद सोडवून मागच्या पिशवीत ठेवली. होकायंत्र मुकाट पश्चिमेला आलं.

“चुंबक जवळ आलं की हे खोटं बोलतं. पहिलाच धडा होता. उद्याचं राहू दे.”

घरी आईने सगळं ऐकून देवघराकडे हात जोडले. “बघ, जमिनीवरच थांबवलं त्याने. एवढासा असून केवढी काळजी. थांब, आता जरा मोठा आणते.”